भावाने परत न घेतलेलं रक्त

माझा भाऊ मला रक्त द्यायला एका पायावर तयार होता. परत घ्यायला मात्र तयार नव्हता. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की आजार हिच्या रक्तात नसून डोक्यात असावा. आमची शेजारीण तर म्हणाली, "बाई, जरा पाणी पिता का?" म्हणून पहिल्यापासून सांगते. सांगता सांगता मलाही नीट कळलं तर बरंच होईल.

मी रोह्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. 'रक्ताचे घटक' हा धडा इतक्या वेळा शिकवलाय की झोपेतही म्हणून दाखवेन. लाल पेशी प्राणवायू नेतात, पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, रक्तपट्टिका रक्त गोठवतात. एका वाक्याला एक गुण. रक्तपट्टिकांपाशी आले की मी जरा घाईच करायचे, कारण पुढचा धडा मोठा होता. त्या पट्टिकांनी माझ्यावर असा सूड उगवावा? दात घासताना बेसिन लाल व्हायला लागलं. दंडावर, मांडीवर कुठेही न आपटता काळेनिळे डाग उठले. नवरा धाटावला कंपनीत आहे, तो म्हणाला, "लांब बाह्यांचा ब्लाऊज घाल बाई, लोकांना वाटेल मीच मारतो." मी हसले. मग हसताना हिरडीतून रक्त आलं तेव्हा त्यानेच डॉक्टरांची वेळ घेतली.

हाडांच्या आतला मगज, जो रक्त बनवतो, तो आळशी झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध सुरू केलं, पण ते औषधही आमच्या तालुका कचेरीच्या चालीने काम करणारं. त्याला गुण येईपर्यंत बाहेरून पट्टिका द्यायच्या. पहिल्या काही पिशव्यांनी बरं वाटलं. मग त्या चढवून उपयोगच होईना. संध्याकाळी पिशवी संपायची आणि सकाळी रिपोर्टात आकडा होता तिथेच. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर म्हणाले, परक्यांच्या पट्टिका तुमचं शरीर आता ओळखतं आणि मारून टाकतं. दोन बाळंतपणं आणि आधीच्या त्या पिशव्या, यांतून शरीराला ही खोड लागली. आता जुळणाऱ्या माणसाच्या पट्टिका हव्यात, सख्खी भावंडं असतील तर आधी त्यांचं बघू.

मला सख्खा भाऊ एकच. हमरापूरला असतो, गणपतींचा कारखाना आहे. तपासणी झाली आणि जुळलं. इतकं जुळलं की डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मी देवापुढे साखर ठेवली. मला मरायचं नव्हतं, स्पष्टच सांगते. पुष्कळ लोक म्हणतात, आता काय, झालं जगून. मी म्हटलं नाही.

पण घोडं दुसरीकडे अडलं. पट्टिका काढायचं जे मोठं यंत्र असतं, ते एका वेळी बरंच रक्त माणसाच्या अंगाबाहेर धरून ठेवतं. आमचा भाऊ म्हणजे काडी पैलवान. वजन भरेना, शिरा दिसेनात. रक्तपेढीतल्या बाईंनी त्याचा हात उलटासुलटा करून बघितला आणि मान हलवली. त्याला राग आला. म्हणाला, "म्हशीचा बाजार हाय का?"

तेवढ्यात एका मुलीचं कळलं. डॉक्टर मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिच्या संस्थेच्या लोकांनी पेणमधल्या एका दवाखान्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. रक्त वेगळं करायचं नवं छोटं यंत्र तालुक्याच्या गावी चालतं का, हे बघायचा त्यांचा अभ्यास होता, आणि त्यांना बारीक चणीचेच रक्तदाते हवे होते. सगळ्या परवानग्या होत्या. तिने मला यंत्रातली पट्टी दाखवली. नखाएवढी, पारदर्शक, आत काहीच नाही. मी चष्मा लावला, तरी काहीच नाही.

"आत केसापेक्षा बारीक वाटा आहेत," ती म्हणाली. "वाटेत खांब आहेत, ओळीने, जरा तिरके मांडलेले. मोठ्या पेशी खांबांना अडून अडून एका बाजूला सरकतात. रक्तपट्टिका सगळ्यांत छोट्या, त्या खांबांमधून सरळ निघून जातात. शेवटी दोन तोंडं. एकातून लाल, दुसऱ्यातून पिवळं."

"गरगर फिरवायचं नाही?"

"नाही. नुसतं वाहू द्यायचं."

मी विज्ञानाची बाई. मला वाटत होतं, रक्त वेगळं करायचं म्हणजे घुसळायचं, ताक करतो तसं. आणि ही म्हणते, नुसतं वाहू द्यायचं. "एवढ्याशा पट्टीतून माझ्यापुरतं कधी निघणार? माझं तेरावं होईल," मी म्हणाले. तिने डब्यासारखी पेटी उघडली. आत तशाच पट्ट्यांची चळत होती, एकीवर एक. सगळ्यांतून एकदम वाहतं म्हणे. मी मान डोलावली. वर्गात ज्या मुलांना काही कळलेलं नसतं, ती अशीच मान डोलावतात.

हमरापूरला जाऊन भावाला हे सगळं सांगितलं. तो अंगणात बसून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होता. ते काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. माझं ऐकून घेतलं आणि ब्रश बाजूला ठेवला.

"कधी येऊ?"

"अरे, कळलं का तुला काय करणार ते?"

"मना काय करायचाय? तुला पायजे ना? मंग झाला."

वहिनीने त्याला आठवडाभर खजूर, अंडी, नाचणीची भाकरी असं चारलं. बिचारीने त्याची सुकटीची चटणीसुद्धा बंद केली, का ते तिलाच ठाऊक. ठरलेल्या दिवशी तो पेणला आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनी सोबत. मी रोह्याहून गाडीने आले होते. तो खुर्चीत बसला, बाही वर केली आणि माझ्याकडे बघून हसला. इतकं बरं वाटलं मला की काय सांगू.

मग त्या मुलीने समजवायला सुरुवात केली. नियमच असतो, दात्याला सगळं सांगून त्याची संमती घ्यायची. चूक कुणाचीच नाही.

"काका, या हातातून रक्त पेटीत जाणार. आम्ही फक्त पट्टिका ठेवणार. बाकीचं सगळं या दुसऱ्या नळीने तुम्हाला परत."

"परत म्हंजे?"

"तुमच्या अंगात परत."

"तायला दिलेला?"

"हो. लाल पेशी, पाणी, सगळं. तुमचा काही तोटा नाही."

तिला वाटलं, म्हातारा अशक्तपणाला घाबरतोय. म्हणून तिने आणखी धीर दिला. जवळजवळ सगळंच परत मिळतं, थोडीशीच पिवळी पिशवी आमच्याकडे राहते, असं मोठ्या आनंदाने सांगितलं. ती जितकी जास्त परत द्यायला लागली तितका याचा चेहरा उतरला.

"परत नको. सगळा ठेवा तिला."

"पण त्यांना लाल पेशींची गरज नाहीये, काका."

"नसंल तर वता. मी द्यायला आलोय, न्यायला नाय."

"असं करता येत नाही हो. परत घ्यावंच लागतं. यंत्रच तसं आहे."

तो उठला. अजून सुई टोचलीही नव्हती. बाही खाली केली, बटण लावलं. माझ्याकडे न बघता वहिनीला म्हणाला, "चल गो," आणि सरळ एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला. वहिनी मागून पळाली. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मी त्या रिकाम्या खुर्चीकडे. "मी काही चुकीचं बोलले का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला विचारू नकोस, माझं मलाच काही कळत नाहीये."

येताना गाडीत मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की त्या उच्चारल्या असत्या तर डबा रिकामा झाला असता. मेल्या, बहीण मरायला टेकली आणि तुला मानपान सुचतोय? मला वाटलं, हा दानाचा तोरा असणार. आमच्या घरात बोलायची रीतच होती, एकदा दिलं ते दिलं. कुणाला कोयता दिला तरी वडील परत मागायचे नाहीत, नवा आणायचे. पण कोयता कुठे आणि माझं रक्त कुठे! की त्याचं रक्त? इथेच माझा गोंधळ सुरू व्हायचा. ते पेटीतून बाहेर येताना कुणाचं असतं? त्याने दिलं म्हणजे माझं झालं. मला नकोय म्हणजे पुन्हा त्याचं झालं? मग पट्टीतल्या त्या खांबांमधून जाताना कुणाचं? विचार करून डोकं दुखायला लागलं, आणि डोकं दुखलं की आत रक्तस्राव तर नसेल ना, ही भीती.

चार दिवस थांबले. फोन केला की वहिनी उचलायची आणि म्हणायची, "कारखान्यात हायत." पाचव्या सकाळी उशीवर रक्त दिसलं. नवऱ्याची सकाळची शिफ्ट होती. गाडीत हादरे बसतील, एकटीने जाऊ नको, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मी गेले.

वहिनी दारातच भेटली. हळू आवाजात म्हणाली, "बघा तुमीच. त्या दिवसापासून एकाच मूर्तीचे डोळे काढतायत नि पुसतायत. जेवत पन नायत धड."

मी आत गेले आणि जी सुरुवात केली! काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अडाणी म्हणाले, हेकट म्हणाले, "माझ्या तेराव्याला जेवायला ये, तिथे तरी परत काही घ्यावं लागणार नाही," इथपर्यंत गेले. त्याने सगळं ऐकलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तू मरशील म्हनून तर घेत नाय गो."

मला वाटलं, माझ्या कानातही रक्त साचलंय. "काय?"

"भावान दिलेला परत घेतला की बहिनीचा आयुष्य घटतं."

"कोण म्हणालं?"

"आई."

आमची आई जाऊन खूप वर्षं झाली. आणि ती असं काही म्हणाल्याचं मला मुळीच आठवत नव्हतं.

"कधी म्हणाली?"

तेव्हा त्याने सांगितलं. आमच्या पाठीवर एक धाकटी होती. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. ती कावीळ होऊन गेली, हे मला माहीत होतं. मी तेव्हा आजोळी राहून शाळा शिकत होते, सुट्टीला येऊन-जाऊन असायचे. याने त्या वर्षी भाऊबीजेला तिच्या ताटात शाडूचा हत्ती घातला होता, स्वतःच्या हाताने केलेला, त्याने केलेलं पहिलं चांगलं काम. ती पोर त्याला दोरी बांधून अंगणभर फरफटवायला लागली. सोंडेचा टवका उडाला. याला बघवेना. त्याने हत्ती तिच्या हातातून घेतला आणि वर वाशावर ठेवून दिला. मार्गशीर्षात ती गेली. तिला नेऊन आल्यावर आईने वाशावरचा हत्ती बघितला आणि ते बोलली.

"दुःखात बोलली असेल रे," मी म्हणाले.

"व्हय. पन बोलली."

"कावीळ विषाणूने होते. गढूळ पाण्याने होते. मी शिकवलंय मुलांना!"

"मना ठाव हाय."

"मग?"

"ठाव हाय गो. तरी."

सगळी बी.एड. एका बाजूला आणि तो 'तरी' एका बाजूला. केस पांढरे झालेला माझा भाऊ, सहा वर्षांचा असल्यापासून स्वतःला बहिणीचा मारेकरी समजत आलाय, आणि आम्ही कुणी, मी, वहिनी, कुणालाच पत्ता नाही. आईचा इतका राग आला मला. मेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हेही कळेना. मग मी रडले. तोही रडला. वहिनी दारात उभी राहून पदर चावत होती.

आणि मला हिरडीतून रक्त येतच होतं. दुःख झालं म्हणून ते थोडंच थांबतं! तोंड पुसता पुसता संतापाच्या भरातच मी बोलून गेले, "बरं, तू परत घेऊ नकोस. मी देते. दरसाल भाऊबीजेला माझ्याकडून फराळाचा डबा भरून नेतोस ना? तेव्हा नाही माझं आयुष्य घटत? बहिणीने दिलेलं भावाने घ्यायचं नाही, असं आई म्हणाली होती का?"

"असा नव्हती बोलली."

"मग झालं तर."

"पन तो आधी तुझा व्हायला पायजे. पेटीतून सरळ मना आला तर तो मीच घेतलेला."

मलाही ते पटलं, आणि पटलं याचंच आश्चर्य वाटलं. मी कोणत्या बाजूची, विज्ञानाच्या की वाशावरच्या हत्तीच्या, हे मला त्या दिवसापासून नीट सांगता आलेलं नाही. बराच वेळ आम्ही तिघं बसून त्यावर बोललो, जमिनीची वाटणी असावी तसं. शेवटी वहिनीने तोडगा काढला. परत जाणारी नळी माझ्या हातातून जाऊ दे. माझ्या हाताला लागलं म्हणजे मला पोचलं. तिथून पुढे मी दिलेलं.

पेणला त्या मुलीला हे सांगायला मलाच जावं लागलं. लाज वाटत होती. काही मुलांचे आईबाप शाळेत लिंबू-मिरच्या घेऊन यायचे तेव्हा मी त्यांना काय काय ऐकवलंय! तिने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. तिने वरच्या कुणाला तरी फोन लावला, बोलली, आणि मग एवढंच विचारलं, "मॅडम, नळी दाबणार नाही ना?"

"नाही दाबणार."

"मग काही हरकत नाही. हात मात्र धुऊन घ्या."

तर असं ते झालं. तो खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे मिटले ते मिटलेच. रक्त पेटीत गेलं आणि कितीतरी वेळ काहीच झालं नाही, निदान मला काही दिसलं नाही. आवाज नाही, फिरणं नाही. मग वर टांगलेल्या पिशवीत काहीतरी जमायला लागलं. पिवळसर, धुरकट, भाताच्या पेजेसारखं. हे रक्त? यासाठी एवढं सगळं? इतकी वर्षं फळ्यावर मी या पट्टिका जांभळ्या खडूने काढत आले होते.

मग माझ्या मुठीतली नळी लाल झाली. रक्त थंड असेल असं मला वाटलं होतं, पण ते कोमट होतं. त्या मुलीने सांगितलं, परत देताना गरम ठेवतात, नाहीतर दात्याला हुडहुडी भरते. माझ्या तळहातातून माझ्या भावाचं रक्त चाललं होतं आणि ते माझं आहे अशी मी मनाची समजूत घालत होते. पटकन माझं हो, पटकन त्याचं हो. काही केल्या मला तो क्षण पकडता येईना.

"ओठाला मुंग्या आल्यात," तो म्हणाला. ते औषधाने होतं, रक्त नळीत गोठू नये म्हणून घालतात त्याने. मुलीने त्याला चघळायला गोळी दिली. तो चघळत राहिला. डोळे मिटलेलेच होते, मान पलीकडे वळवलेली, नळीकडे बघायचं नाही म्हणून. वहिनी बाकावर बसून पुटपुटत होती. पिशवी भरत आली. त्या दिवशीच्या त्या पिवळ्या पिशवीने दुसऱ्या सकाळी माझा आकडा पहिल्यांदा वर नेला आणि पुढे औषधाला गुण येईपर्यंत भाऊच येत राहिला, पण हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं?

"ताय," तो डोळे न उघडता म्हणाला.

"काय रे?"

"ती लय रडली व्हती का गो? मी घेतला तवा?"

मी त्या भाऊबीजेला घरी होते. पण मला आठवत नाही. अगदी खरं सांगते, हत्ती आठवत नाही, दोरी आठवत नाही. त्या पोरीचा चेहराही मला धड आठवत नाही, नुसते तेल लावलेले केस आठवतात. खरं बोलावं की काय बोलावं? त्याने माझ्यासाठी हात पुढे केला होता, आणि उत्तर द्यायला आता त्या घरातली मी एकटीच उरले होते.

"नाही रे," मी म्हणाले. "जरा तोंड फुगवलं. मग मला म्हणाली, दादाला असू दे तो."

त्याची गोळी चघळायची थांबली. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी कानापर्यंत आलं, ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. मग त्याने मान वळवली, डोळे उघडले आणि माझ्या मुठीतल्या त्या लाल नळीकडे पहिल्यांदा बघितलं.

"मंग सोड आता," तो म्हणाला. "येऊ दे."

मी मूठ उघडली.